मेलेल्या लॅपटॉपची डिस्क

महुवा
भाऊबीज, सकाळचे दहा

प्रिय झंखु,

दमुभाभीवर रागावू नकोस. पहाटे साडेचारला उठवून, दोन पिशव्यांत मावेल तेवढं कोंबायला लावून, चहाचा घोटही न घेऊ देता तिने तुला बसमध्ये बसवलं, आणि का म्हणून विचारलंस तर ‘ते तुझ्या भाईला विचार’ एवढंच म्हणाली असेल. मीच तिला तसं पढवून पाठवलं होतं. कॉम्प्युटर हलवायचा नाही, बंदसुद्धा करायचा नाही, चालू ठेवून निघायचं, हेही माझंच सांगणं. तुझा जीव त्या डबीएवढ्या यंत्रात अडकलेला असतो हे ठाऊक आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. तुझी डिझाइनं सुरक्षित आहेत. जुन्या सगळ्यांची प्रत मी श्रावणातच करून ठेवली होती, ती भाभीने आणलेल्या थेपल्यांच्या डब्यात तळाशी आहे. थेपले संपव, म्हणजे सापडेल. इथे येऊन केलेली नवी डिझाइनं मी आत्ता एका कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतोय, ती या पत्राबरोबर येतील.

आता मुख्य गोष्ट. निकुंजकुमारांना तुझा पत्ता कळलाय आणि आज ते इथे येतायत. घाबरू नकोस, तू इथे नाहीस. ते पोचतील तेव्हा त्यांना मी भेटेन. तू आहेस त्या गावाचं नाव या कागदावर लिहीत नाही, आणि तूही कुणाला लिहू नकोस, बोलू नकोस. एकदा त्यांनी तुला शोधलंय. पुन्हा शोधता येऊ नये, माझी सगळी धडपड आता तेवढ्यासाठी आहे.

तुमची बस सुटली तेव्हा मी स्टँडसमोरच्या गाठियावाल्याच्या बाकावर रस्त्याकडे पाठ करून बसलो होतो. काल रात्रीच आलोय. तुझ्यासमोर यायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्ही गेल्यावर घरात शिरलो. मोंघीबा अंगणात रांगोळीचे ठिपके मोडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘आजच्या दिवशी भाऊ आला आणि बहीण पळाली! आमच्याकडे हे उलटं असतं हो.’ मी हसलो, त्याही हसल्या, पण नंतर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हातारी बारा गावचं पाणी प्यालेली आहे. तुझी खोली नेटकी ठेवलीयस. खिडकीत दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावलेली, भिंतीवर कागदावर काढलेला अर्धा मोर. खुर्चीवर बाच्या साड्यांची जुनी गोधडी घडी करून घातलेली. या खुर्चीत बसूनच लिहितोय.

आषाढात तू माझ्या दुकानात आलीस तो दिवस मला रोज आठवतो. साड्यांच्या पोत्यातून तू लॅपटॉप आणला होतास. आणला कसला, गोळा करून आणला होतास. पडदा फुटलेला, बिजागरी तुटून लोंबत होती, मदरबोर्डला कोपऱ्यापासून पार मधोमध तडा. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून टाकलेल्या वस्तूचं आणखी काय होणार. मी तुला म्हटलं, हा मेला, आता याचं काही होत नाही. मग तू पदराखालून उजवा हात काढलास. टाकायच्या आधी निकुंजकुमारांनी लॅपटॉप मिटला होता, तुझी बोटं आत असताना. ‘दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं त्यांनी, गुरुवारी तुला कळेल म्हणून,’ असं तू म्हणालीस, जणू दूधवाल्याचं सांगतेयस. शिक्षासुद्धा दिवस ठरवून द्यायची आणि ठरल्या दिवशीच द्यायची, हा त्यांचा शिरस्ता मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. म्हणजे तू आधी सांगितलं असशील, मी ऐकलं त्या दिवशी.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी दमुने तुला तिच्या मावशीच्या ओळखीने इथे मोंघीबांकडे धाडलं. तू फोन नदीत टाकलास, नंबर टाकलास. पत्ता माहीत असलेली माणसं चार. मी, दमु, मोंघीबा आणि पार्सल नेणारा बसवाला अलारखाभाई. एवढं झाल्यावर तू मागितलंस काय, तर काम. अकरा वर्षांची डिझाइनं त्या मेलेल्या लॅपटॉपमध्ये आहेत, ती मिळाली तर मी कुणाच्या दारात उभी राहणार नाही, असा निरोप तू मोंघीबांच्या फोनवरून दिलास. भरतकामाच्या यंत्राला टाका न् टाका शिकवणारी ती तुझी चित्रं. सुरतेतल्या निम्म्या कारखान्यांच्या साड्यांवर तुझ्या कैऱ्या आणि तुझी पानं आहेत, आणि नाव कुठेच नाही.

मी लॅपटॉप उघडला. मेलेल्या यंत्राचं पोट उघडताना मला नेहमी बरं वाटतं, कारण सगळं कधीच मरत नाही. पंखा गेला होता, बोर्ड गेला होता, बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती, ती आधी बाहेर नेऊन वाळूच्या डब्यात ठेवली. पण रॅमची पट्टी जिवंत निघाली आणि डिस्क ठणठणीत. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासून लख्ख केले. मग नव्या छोट्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं. त्यात यायची ती रॅम तुझ्या कामाला अपुरी पडली असती, म्हणून शेजारच्या रिकाम्या खाचेत तुझी जुनी पट्टी बसवली. त्याची स्वतःची डिस्क काढून ठेवली आणि तिथे तुझी बसवली, आहे तशी, अक्षरही न पुसता. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेला नियम आहे, गिऱ्हाइकाची डिस्क कधी पुसायची नाही. बाकी काहीही बदल, त्याची डिस्क म्हणजे त्याचं घर. मी तीस वर्षं तो नियम पाळलाय. तुझी डिस्क तर मी हातरुमालात गुंडाळून ठेवली होती.

श्रावणातल्या रविवारी वीरपसलीला बहिणीला काहीतरी द्यायचं असतं. दरवर्षी मी पाकीट देतो आणि तू ते उघडूनही बघत नाहीस. यंदा अलारखाभाईच्या बसमधून तो डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. ‘भाई, सगळं आहे तसं आहे! मी जिथे काम सोडलं होतं तिथेच उघडलं,’ म्हणालीस आणि मग रडलीस. मी फुशारकी मारली की तुझा भाऊ मेलेल्यालाही उठवतो. दमुने ते ऐकून टोमणा मारला, ‘मग आमच्या मिक्सरला काय झालंय?’ त्या आठवड्यात मी दुकानात गाणी म्हणत होतो. मग कारखान्यांना डिझाइनं पाठवायची म्हणून तू भादव्यात मोंघीबांच्या घरात नेट घेतलंस. मीच तुला सांगितलं कोणतं घे ते.

चांदीपडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, निकुंजकुमार दुकानात आले. हातात घारीच्या मिठाईचे तीन डबे. तू गेल्यापासून ते एकदाही आले नव्हते, चौकशीचा फोनही नाही, आणि तेच मला खटकत होतं. बायको निघून गेलेला माणूस शोधाशोध करतो, आरडाओरडा करतो. हे आले, स्टुलावर बसले, इस्त्रीची घडी मोडणार नाही असे. मी चहा मागवला. कुमार म्हणजे घरचे जावई, चहा विचारावाच लागतो. त्यांनी एक डबा माझ्यापुढे सरकवला, एक दमुसाठी म्हणाले आणि तिसऱ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘हा तिच्यासाठी. तिकडे समुद्राकाठी घारी मिळत नसेल.’

मी म्हटलं, कुठे आहे ते मला ठाऊक नाही.

‘असू दे,’ ते म्हणाले. ‘घर चांगलं बघितलंय तिने. वरून बघितलं तर चार नारळ दिसतात आणि मागे विहीर. फक्त रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते, डोळे जातील. परवा तर पावणेतीनला बंद केला.’ मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘किरीटभाई, भाऊबीजेला तुम्ही तिच्याकडे जेवायला जाल ना? या वेळी दोघं जाऊ. तिला म्हणावं, निकुंज भाऊबीजेला येतोय.’

तो डबा माझ्या टेबलावर चार दिवस पडून होता. कुणाला द्यायची हिंमत झाली नाही आणि टाकायचीही नाही. शेवटी मुंग्या लागल्या.

तू विचारशील, तेव्हाच का नाही कळवलंस. कारण त्यांनी दिवस सांगितला होता, आणि सांगितल्या दिवसाच्या आधी ते येणार नाहीत हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं. मला वाटलं, आपल्याकडे पंधरा-सोळा दिवस आहेत, तेवढ्यात फितूर शोधू. तुला हलवायचं तर नव्या जागेचा पत्ताही तोच फितूर सांगेल, मग हलवून काय उपयोग? चार नारळ, विहीर, रात्रीचे पावणेतीन. म्हणजे कुणीतरी तुझ्या खिडकीवर नजर ठेवून बसलंय असंच माझ्या डोक्यात बसलं. अलारखाभाईला मी आडून आडून इतके प्रश्न विचारले की तो बिचारा एके दिवशी म्हणाला, ‘भाई, माझ्यावर भरवसा नसेल तर पार्सल दुसऱ्याला द्या, पण असं टोचू नका.’ मग दमुवर घसरलो. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुझ्या मावशीने गावभर केलं असेल, असं वाट्टेल ते बोललो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘घरात चोर शोधताय, आधी स्वतःचे खिसे तपासा.’ मला वाटलं रागात बोलतेय.

धनत्रयोदशीला दुकानात एक शाळामास्तर आले. लॅपटॉप रिक्षात विसरले होते, काही शोधता येईल का विचारत होते. हे काम मी महिन्यातून एकदा तरी करतो. यंत्राच्या मालकाचं खातं उघडलं की नकाशावर ठिपका येतो, शेवटचं कुठे चालू झालं, किती वाजता बंद झालं, सगळं दिसतं. मास्तरांचा ठिपका अडाजण भागातल्या एका सोसायटीवर होता. मी बोटाने नकाशा मोठा केला. वरून गच्च्या दिसल्या, पाण्याच्या टाक्या दिसल्या, एक कडुनिंब दिसला. खाली लिहिलेलं होतं, शेवटचं बंद, रात्री एक वाजून दहा मिनिटं. मास्तर विचारत होते, काय झालं, काय झालं? मी त्यांना पाणी मागितलं. त्यांचं काम करायला बसलेला मी, आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं.

तुझ्या खिडकीवर कुणी बसलेलं नव्हतं, झंखु. तुझ्या डिस्कवर तसलीच खूण बसवलेली होती. मेलेल्या लॅपटॉपमध्ये ती झोपली होती. मी तिला रुमालात गुंडाळलं, नव्या यंत्रात बसवलं, बसने इथवर पाठवलं आणि नेट घ्यायला सांगितलं. तू कळ दाबलीस त्या क्षणी त्यांच्या फोनवर ठिपका आला असेल. लॅपटॉप फेकून देणाऱ्याने स्वतःहून तो कधीच शोधला नसता. मी त्याला तो जिवंत करून हातात दिला. तुला दिलेली वीरपसली ती हीच.

दुपारचे बारा वाजत आले. मध्ये थांबलो होतो. मोंघीबा ताट घेऊन आल्या, बाजरीचा रोटला, कढी, वाटीभर लापशी. बहीण नसली तरी आजच्या दिवशी भावाने उपाशी राहायचं नाही म्हणाल्या आणि स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ताट संपेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. त्यांना मी खरं काय ते सांगितलंय. ऐकून म्हणाल्या, ‘येऊ दे मेल्याला, माझ्याकडे कोयता आहे.’ त्यांना कसंबसं समजावून दुपारी त्यांच्या मुलीकडे पाठवतोय. स्टँडच्या मागच्याच गल्लीत राहते ती. हे पत्र आणि डिस्क जाता जाता त्या अलारखाभाईच्या हाती देतील. तो ते फक्त दमुच्या हातात देईल. त्याची मी माफी मागितली आहे. ‘मागायची ती ताईकडे मागा,’ म्हणाला.

तू म्हणशील, तार का नाही उपटत, बंद कर तो डबा आणि तूही निघ. धनत्रयोदशीपासून मी हाच विचार करतोय. ठिपका विझला की त्यांना कळेल की आपल्याला कळलं. मग ते शोधायला लागतील, माणसं लावतील, मोंघीबांना धरतील, दमुच्या मावशीला धरतील. आणि गेल्या चार दिवसांत जर तुला मी फोन करून निघ म्हटलं असतं तर तू घाईने तो कॉम्प्युटरच बरोबर नेला असतास, मला खात्री आहे. त्यापेक्षा ठिपका इथेच जळू दे. तू इथेच आहेस, काम करतेयस, असं त्यांना दिसत राहू दे, आणि ते या दारात येतील तोवर तू पुरेशी लांब गेलेली असू दे. मी मधूनमधून कळ दाबतो, म्हणजे पडदा झोपत नाही.

सकाळी सातला त्यांचा फोन आला होता. मागे पाण्याचा आणि इंजिनाचा आवाज होता. ‘किरीटभाई, तुमच्या घराला कुलूप. पुढे निघालात वाटतं, माझ्यासाठी थांबला नाहीत. मी बोटीत आहे. घोघा बंदरावर उतरलो की गाडीने तीन तास. तिला सांगा, घाईने काही रांधू नकोस, मी जेवून येतोय.’ एवढं बोलून ठेवला. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मी तुझ्या लग्नापासून त्यांचा आवाज ऐकतोय, आणि तो कधीच चढलेला मला आठवत नाही. मुलगा किती शांत आहे, असं बा तुझ्या साखरपुड्यात सगळ्यांना सांगत होती.

तुझी नवी डिझाइनं उतरून झाली. एकूण बेचाळीस आहेत. शेवटचा हंस तू अर्धवट टाकलायस, चोच नाही. एकेक उघडून बघितलं, सगळी नीट आहेत, आणि त्या डिस्कवर चित्रांखेरीज दुसरं काही येऊ दिलं नाही. तुझ्यासाठी दुसरा कॉम्प्युटर बघायला दमुच्या भावाला सांगितलंय. तो अगदी कोरा असेल, जुन्यातलं त्यात काहीही बसवायचं नाही, हवं तर हळू चालू दे.

आता साडेबारा. जे लिहायला बसलो ते अजून लिहिलेलंच नाही. पाच कागद पाठपोट भरले आणि ‘तसलीच खूण बसवलेली होती’ यावर मी तुला फसवून पुढे निघून गेलो. कुणी बसवली ते लिहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची संक्रांत, म्हणजे उत्तरायण. आपल्या गच्चीवर सगळे होतो, तू खाली दमुबरोबर उंधियुच्या पातेल्याशी. निकुंजकुमार माझ्या पतंगाची फिरकी धरून उभे होते. म्हणाले, ‘किरीटभाई, झंखनाच्या लॅपटॉपमध्ये असं काही बसवा ना की तो कुठे आहे ते मला फोनवर कळेल. चोरीबिरी होते हल्ली.’ मी म्हटलं, त्यात काय, उद्या पाठवा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच घेऊन आले. मी दहा मिनिटांत बसवलं. त्यांनी विचारलं, घरी असतानाही दिसेल? किती वाजता उघडला, किती वाजता मिटला? मी म्हटलं, दिसेल. त्यांनी विचारलं, तिला यातलं काही कळेल? मी म्हटलं, नाही. ‘मग तिला सांगायला नको, उगीच घाबरेल,’ ते म्हणाले. मी मान हलवली. कुमारांना नाही म्हणायचं नसतं, हे आपल्या घरात बाळकडूबरोबर पाजलेलं असतं, पण खरं सांगतो, नाही म्हणावंसं मला वाटलंही नाही. मला तर माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. त्यांच्या फोनवर तो ठिपका मी स्वतः दाखवला, आपल्या दुकानावरच होता. पैसे घेतले नाहीत. घरचं काम होतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात तू दुकानात आलीस. डोळ्यांखाली काळं झालेलं. म्हणालीस, ‘भाई, यांना सगळं कसं कळतं रे? मी डिझाइन दाखवायला कुठे गेले, किती वेळ बसले, परत येताना कुठे थांबले. मी कुणालाच सांगत नाही, तरी कळतं. मला वाटतं भिंतीत कुणीतरी आहे.’ मी हसलो. तुझ्याच पोटात काही राहत नाही, तूच बोलून जात असशील, असं म्हणालो. आणि हसताना मला आठवलं होतं. झंखु, मला त्या क्षणी आठवलं होतं. बोललो असतो तर लावालावी केल्याचा ठपका आला असता, कुमार रागावले असते, बा रडली असती. मी तुझ्यासाठी चहा मागवला. मग तुझ्या सासरच्यांनी तुला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. नवरा पाळत ठेवतो असा भास होतो, असं डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय. आठ महिने तू गोळ्या खाल्ल्यास, हात थरथरायचे, सुईत दोरा ओवता यायचा नाही. त्या गोळ्या आणायला महिन्याच्या महिन्याला तुला स्कूटरवर कोण न्यायचं? मी न्यायचो. दवाखान्याच्या बाहेर उसाचा रस पाजायचो. कुंपणानेच शेत खावं आणि वर पिकाला पाणीही घालावं, असा मी. पुढे मी ते विसरलो. विसरायचं ठरवलं की माणूस खरंच विसरतो, इतकं की श्रावणात डिस्क हातात होती तेव्हाही काही आठवलं नाही.

वकीलबाई तुला म्हणाल्या होत्या की सासरच्यांकडे डॉक्टरचा कागद आहे, तुझ्याकडे काय आहे? म्हणून हा कागद. निकुंज आल्यावर हा कॉम्प्युटर शिल्लक राहील की नाही, मला माहीत नाही. माझंही काय ते सांगता येत नाही, त्याचा हात कसा असतो ते तुझ्या बोटांनी दाखवलंय. आजपासून मी त्याला कुमार म्हणणार नाही. दार उघडं ठेवलंय, तो आला की हेच सगळं त्याच्या तोंडावर बोलणार आहे. दमुला यातलं काही सांगितलेलं नाही, तिलाही वाचायला दे. मग दोघी मिळून वकीलबाईंकडे जा आणि हे पत्र कोर्टात ठेवायला द्या, भाऊ म्हणून माझी लाज राखायला त्यातली एक ओळही झाकू नका. शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय, पुरं नाव घालून सही करतोय. माफी मागत नाही, ती तू आज देऊ नयेस असंच मला वाटतं. भिंतीत खरंच कुणीतरी होतं. तू कधीच वेडी नव्हतीस, आणि हे मला तीन वर्षं माहीत होतं.

तुझाच भाई,
किरीट ठाकोरदास राणा